ग्राहकाचा पेनड्राइव्ह कुठं उघडावा: विंडोज, मॅक, फेडोरा आणि क्यूब्ज वापरून पाहिल्यावर

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं अक्षरजुळणीचं दुकान आहे. कवितासंग्रह, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. मजकूर येतो तो बहुतेक वेळा पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह माझ्याकडे यायच्या आधी दोन झेरॉक्सची दुकानं, एखादं नेट कॅफे आणि कुणाच्या तरी मुलाच्या कॉलेजची लॅब फिरून आलेला असतो. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले की काय झालंय ते आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. लपवलेले फोल्डर परत दिसायला लावणारी अ‍ॅट्रिब कमांड मला रामरक्षेसारखी पाठ आहे.

पण ऑक्टोबर २०२३ मध्ये जे झालं ते शॉर्टकटचं नव्हतं. दिवाळी तोंडावर आली होती. एका ग्राहकानं दिलेल्या पेनड्राइव्हवर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या लिपीत, बदलून देणारा छोटा प्रोग्राम होता. त्यानं तो चांगल्या मनानं दिला होता, "ताई, हा कन्व्हर्टर मस्त चालतो, ठेवून घ्या." मी चालवला, मजकूर खरंच बदलून मिळाला. तासाभरानं माझ्या डॉक्युमेंट्समधल्या फायलींच्या नावांना शेवटी कसलीतरी चार अक्षरं चिकटायला लागली. अंकाची १४४ पानं, दोन कवितासंग्रह, एका निवृत्त शिक्षकांचं आत्मचरित्र, सगळं कुलूपबंद. बॅकअपची डिस्क त्याच यंत्राला लावलेली होती, तीही गेली. अंक आम्ही प्रूफांच्या कागदांवरून अकरा दिवसांत पुन्हा टाइप केला आणि तो भाऊबीजेनंतर निघाला. आत्मचरित्राच्या शेवटच्या दोन प्रकरणांचे कागद मात्र लेखकाकडंही उरले नव्हते.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की विंडोजनं काही म्हणजे काही विचारलं नाही. पडदा अंधारून परवानगी मागणारी ती चौकट २००७ च्या व्हिस्टापासून आहे. ती या वेळी आलीच नाही. पुढं वाचल्यावर कळलं की ती येणारच नव्हती. ती चौकट यंत्र राखते: विंडोजचं फोल्डर, प्रोग्राम फाइल्स, सगळ्या खात्यांना लागू होणारी सेटिंग. माझी पुस्तकं माझ्या खात्यात होती, आणि माझ्या नावानं चालणारा प्रोग्राम मला जे जे करता येतं ते सगळं करू शकतो. त्याला वेगळी परवानगी लागतच नाही. विंडोज जे जिवापाड राखत होतं ते मी दोन तासांत परत बसवलं असतं.

माझं आजोळ वाईचं. वाड्यात परका माणूस आला तर ओसरीवर बसायचा. त्याला गूळपाणी मिळायचं, काम असेल तर आजोबा बाहेर येऊन बोलायचे, पण माजघराचा उंबरा तो ओलांडायचा नाही. कुणी त्याला हाकलत नसे, घराची रचनाच तशी होती. संगणकात याच रचनेला सँडबॉक्स म्हणतात: प्रोग्रामाला बसायला जागा द्यायची, त्याचं काम होईल इतकंच हाती द्यायचं आणि आतली दारं त्याला दिसूच द्यायची नाहीत. या वर्षा-दोन वर्षांत मी चार व्यवस्था या एकाच नजरेनं वापरून पाहिल्या. माझा प्रश्न एकच होता. अनोळखी माणसाची फाइल किंवा प्रोग्राम उघडला, तर तो माझ्या माजघरात येऊ शकतो का?

तपासायला माझ्या भाच्यानं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक निरुपद्रवी प्रोग्राम लिहून दिला. आम्ही त्याला उंदीर म्हणायचो. तो चार गोष्टी करून बघायचा: फोल्डरांतल्या फायली वाचणं, क्लिपबोर्डवर काय आहे ते घेणं, पडद्याचं चित्र काढणं, आणि दुसऱ्या खिडकीत मी टाइप करते ती अक्षरं टिपणं. जे हाती लागेल ते एका फायलीत लिहून ठेवायचा. बाहेर काही पाठवायचा नाही.

विंडोज ११ वर, पेनड्राइव्हवरून चालवल्यावर, उंदरानं चारही गोष्टी केल्या. एक चौकट आली नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलीला विंडोज एक अदृश्य खूण लावतं आणि त्या खुणेमुळं पुढं इशारा मिळतो. वर्डही अशी फाइल आधी फक्त वाचण्यापुरती, बंदिस्त खिडकीत उघडतं. पण पेनड्राइव्हवरून आलेल्या फायलीला ती खूण नसते. म्हणजे ज्या वाटेनं माझ्याकडं रोज माणसं येतात, नेमकी तीच वाट उघडी. हे मला दुकान सुरू केल्यापासून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं ठळकपणे लिहिते.

फायलींवरच्या हल्ल्याला विंडोजमध्ये एक उपाय आहे, फोल्डरांना संरक्षण देणारा. तो डिफेंडर या विंडोजच्याच व्हायरसरोधकात २०१७ पासून आहे आणि मुळात बंद असतो. चालू केला की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये काही बदलता येत नाही. मी तो लगेच चालू केला. पहिल्याच दिवशी माझं पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअरही फाइल जतन करू शकेना. त्याला यादीत घालून घेतल्यावर सुरळीत झालं. आजही चालू आहे आणि तुमच्याकडे विंडोज असेल तर हे वाचता वाचता चालू करा. फक्त एक लक्षात घ्या: तो लिहिण्याला अडवतो, वाचण्याला नाही. उंदरानं माझ्या लेखकांची हस्तलिखितं त्यानंतरही आरामात वाचली. २०२३ चं माझं नुकसान त्यानं टळलं असतं, पण चोरी टळली नसती.

मग येतो विंडोज सँडबॉक्स. २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून हा मिळतो, पण होम आवृत्तीत नाही. मला प्रो घ्यायला वेगळे पैसे मोजावे लागले, आणि याबद्दल माझी तक्रार आहे. ज्या दुकानदाराला, विद्यार्थ्याला याची खरी गरज आहे त्याच्या लॅपटॉपवर होमच असतं. प्रो घेतल्यावर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज उठायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, आभासी यंत्राची (संगणकाच्या पोटात चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाची) सोय चालू करायची, विंडोजच्या वैशिष्ट्यांच्या यादीत खूण करायची, एकदा रीस्टार्ट. त्यानंतर स्टार्ट मेनूतून उघडला की काही क्षणांत एक कोरं विंडोज खिडकीत उभं राहतं. आत काय वाटेल ते करा, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. ही भिंत माझ्या चालू विंडोजमधली आडोशाची भिंत नव्हे, ते हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या सोयीवर चालणारं वेगळं आभासी यंत्रच आहे. त्यामुळं मजबूत आहे.

इथं उंदीर सोडला आणि एक धक्का बसला. डॉक्युमेंट्स रिकामं, पडद्याचं चित्र फक्त आतल्या खिडकीचं, अक्षरं फक्त आत टाइप केलेली. पण क्लिपबोर्ड सापडला. मी बाहेर थोड्या वेळापूर्वी एका लेखिकेचा बँक खाते क्रमांक कॉपी केला होता, तो उंदराच्या वहीत जसाच्या तसा. सँडबॉक्सचा क्लिपबोर्ड मुळात बाहेरच्याशी जोडलेला असतो, इंटरनेटही चालू असतं. म्हणजे ओसरीवर बसवलं खरं, पण मधली खिडकी उघडी ठेवली.

ती खिडकी बंद करता येते. डब्ल्यूएसबी नावाची छोटी मजकूर-फाइल लिहायची. तीत नेटवर्क बंद, क्लिपबोर्ड बंद आणि कोणतं फोल्डर आत दिसावं, फक्त वाचायला की लिहायलाही, हे सांगायचं. माझ्या टेबलावर अशा फायलीवर डबल-क्लिक केलं की 'येणार' नावाचं फोल्डर आत फक्त वाचण्यापुरतं दिसतं, 'सुटलं' नावाच्या फोल्डरात लिहिता येतं आणि बाकी जगाशी संबंध नाही. आत वर्ड नसतं, माझे फॉन्ट नसतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर तर नोटपॅडही आत मिळेना, पीडीएफ मात्र एज ब्राउझरमध्ये उघडते. म्हणून मी लिबरऑफिसची न बसवता चालणारी प्रत आणि फॉन्ट एका वाचनापुरत्या फोल्डरात ठेवलेत.

आता आमच्या धंद्यातली एक बारीक गोष्ट. जुन्या फॉन्टमधला मजकूर साध्या टेक्स्टमध्ये जतन केला की इंग्रजी कुठलं आणि मराठी कुठलं हे कळण्याचा मार्गच संपतो, कारण फरक फक्त फॉन्टच्या नावात असतो. 'एबीसी' हे खरंच इंग्रजी आहे की मराठीची तीन अक्षरं, ते टेक्स्ट फाइल सांगू शकत नाही. म्हणून मी युनिकोडचं रूपांतरही सँडबॉक्सच्या आतच करते आणि बाहेर आणते तो निव्वळ युनिकोड मजकूर. त्यात मॅक्रो (फायलीतच लपलेला छोटा प्रोग्राम) नाही, शॉर्टकट नाही, चालवण्यासारखं काही नाही. या कामाला विंडोज सँडबॉक्स मला फार आवडला, हे मोकळेपणानं सांगते. पण तो आहे पाहुण्याची खोली. माझं रोजचं घर, जिथं ब्राउझर, टॅली, फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि पुस्तकं एकत्र नांदतात, तिथं आत अजून भिंतीच नाहीत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्टोअरच्या नव्या पद्धतीच्या प्रोग्रामांसाठी अ‍ॅपकंटेनर नावाची बंदिस्त खोली आहे, आणि नेहमीच्या प्रोग्रामांनाही तसं बंदिस्त करण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये चाचणीसाठी दाखवली. माझ्या टेबलावरचं एकही कामाचं सॉफ्टवेअर अजून तिच्यात आलेलं नाही.

मॅक मिनी मी अंकाच्या मांडणीसाठी घेतला, एम२ चिपचा, २०२३ साली ५९,९०० रुपयांना आलेला. उंदीर ईमेलनं मागवून उतरवला, तर मॅकनं तो चालवायलाच नकार दिला. अ‍ॅपलकडून तपासून घेतलेला नाही म्हणून. मॅकच्या सिक्वोया आवृत्तीत उजवं बटण दाबून तो नकार ओलांडण्याची जुनी वाटही बंद केली आहे, सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम परवानगी द्यावी लागते. ती मी दिली. मग एकेक चौकट यायला लागली: डॉक्युमेंट्स वाचू द्यायचं का, पडदा बघू द्यायचा का, कीबोर्ड ऐकू द्यायचा का. मी प्रत्येकाला नाही म्हटलं आणि उंदीर त्या त्या ठिकाणी अडला. पेनड्राइव्ह वाचायलाही मॅक वेगळी परवानगी मागतो. हे बघून मला अक्षरशः हायसं वाटलं.

पण वही उघडली तेव्हा दोन नोंदी होत्या. क्लिपबोर्ड त्यानं न विचारता घेतला होता. आणि 'दिवाळी अंक' नावाचं फोल्डर मी डॉक्युमेंट्समध्ये न ठेवता थेट माझ्या होम फोल्डरात केलं होतं, ते त्यानं अख्खं वाचलं होतं. मॅकचा हा पहारा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, आयक्लाउड आणि बाहेरून जोडलेल्या डिस्का अशा ठरावीक ठिकाणीच असतो. तुम्ही स्वतः केलेलं फोल्डर त्या यादीत नसलं तर पहारेकरी तिकडं फिरकत नाही. मॅक वापरणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे सांगते: कामाचं फोल्डर डॉक्युमेंट्सच्या आतच ठेवा.

खरी भिंत मात्र याच्या खाली आहे. मॅकच्या मुळात सँडबॉक्स २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून आहे, आणि १ जून २०१२ पासून मॅक अ‍ॅप स्टोअरमध्ये येणाऱ्या प्रोग्रामांना तो सक्तीचा झाला. अशा प्रोग्रामला स्वतःचं वेगळं घर मिळतं आणि तुमच्या फायलींपैकी काहीच दिसत नाही. मग तो तुमची फाइल उघडतो कशी? इथली कल्पना मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत सुंदर वाटली. 'उघडा' म्हटल्यावर येणारी फाइल निवडायची खिडकी त्या प्रोग्रामची नसतेच, ती व्यवस्थेची असते. तुम्ही तिच्यात एका फायलीवर बोट ठेवता आणि तेवढी एकच फाइल व्यवस्था प्रोग्रामच्या हाती देते. वेगळी चौकट नाही, 'परवानगी द्या' नाही. तुम्ही फाइल निवडलीत हीच परवानगी. माझी सहायक दिवसातून चाळीस चौकटींना न वाचता 'हो' म्हणते, आणि तिचा दोष नाही, हातात काम असतं. इथं तिला काही वाचायचंच नाही, ती रोज करते तेच करायचं.

तुमच्या मॅकवर कोण भिंतीआड आहे हे बघायचं असेल तर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर या मॅकसोबत येणाऱ्या प्रोग्राममध्ये स्तंभांच्या यादीतून 'सँडबॉक्स' निवडा. माझ्याकडं प्रिव्ह्यूपुढं 'हो', टेक्स्टएडिटपुढं 'हो', वर्डपुढंही 'हो'. मांडणीच्या मुख्य सॉफ्टवेअरपुढं 'नाही'. वर्डची गंमत नव्हे, खंत अशी की तेच वर्ड, त्याच कंपनीचं, मॅकवर भिंतीआड चालतं आणि तिच्या स्वतःच्या विंडोजवर मोकळं. म्हणजे करता येतं. भिंत अभेद्य आहे असं मी म्हणत नाही. वर्डच्या मॅक्रोमधून तिला भगदाड पाडता येईल अशी एक चूक मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी शोधली होती आणि अ‍ॅपलनं ती मे २०२२ मध्ये बुजवली. पण अशी चूक शोधावी लागते. माझ्या विंडोजवरच्या कन्व्हर्टरला काही शोधावं लागलं नव्हतं.

फेडोरा, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, मी एका जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर घातलं, भाच्याच्या आग्रहानं. "मावशी, लिनक्सवर व्हायरस नसतात," हे त्याचं पालुपद. त्याच्या देखत उंदीर टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, चालवला. होम फोल्डरातली प्रत्येक फाइल वाचून मोकळा. भाचा गप्प झाला. सेलिनक्स, म्हणजे फेडोरातला सुरक्षेचा पहारा, चालू होतं, पण ते प्रामुख्यानं सर्व्हरची कामं करणाऱ्या सेवांना बांधून ठेवतं. माझ्या नावानं चालणाऱ्या साध्या प्रोग्रामला फेडोरावर ते मोकळंच सोडतं. पडदा आणि कीबोर्ड मात्र सुरक्षित निघाले: चित्र काळं आलं, अक्षरं एकही नाही. ही किमया पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या वेलँड या व्यवस्थेची, जी फेडोरात २०१६ पासून मुळातच चालू आहे. त्याआधीच्या, १९८७ सालापासूनच्या एक्स११ मध्ये कोणतीही खिडकी दुसऱ्या खिडकीतली अक्षरं ऐकू शकायची. पण यावर फार विसंबू नका. ज्याला होम फोल्डरात लिहिता येतं तो बॅशच्या (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सुरुवातीच्या लपलेल्या फायलीत एक ओळ घालून ठेवतो, आणि पुढच्या वेळी टर्मिनल उघडलं की त्याचं काम सुरू होतं.

लिनक्सवरची भिंत म्हणजे फ्लॅटपॅक, प्रोग्राम बंदिस्त पुडक्यात देण्याची पद्धत. त्यात प्रोग्राम वेगळ्या नामविश्वात, म्हणजे बाकी यंत्र दिसत नाही अशा जागेत, चालतो, आणि मॅकसारखीच व्यवस्थेची फाइल-खिडकी इथंही आहे, तिला पोर्टल म्हणतात. रचना उत्तम. तरी फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या दुकानावरून लिबरऑफिस आणि चित्रांचा गिंप हा प्रोग्राम घेतले तेव्हा दोघांनाही सगळ्या डिस्कची परवानगी आधीच दिलेली होती. दार आहे, कडी आहे, पण कडी लावलेली नाही. फ्लॅटहबच्या पानावर तसा इशारा असतो, तो वाचा. फ्लॅटसील नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये ही परवानगी बोटानं काढून टाकता येते. मी काढली. लिबरऑफिस पोर्टलमधून फायली व्यवस्थित उघडू लागलं, मराठी फॉन्ट दिसले, टायपिंग चाललं.

अडलं ते चित्रांवर. मांडणीच्या फायलीत चित्रं नसतात, चित्रांचे पत्ते असतात. पोर्टलनं मला हवी ती एक फाइल आत दिली, पण तिनं सांगितलेली बावीस चित्रं शेजारच्या फोल्डरात, म्हणजे भिंतीपलीकडं. सगळ्या चौकटी रिकाम्या. मॅकवर वर्ड अशा वेळी फोल्डरची परवानगी मागतं, इथं मला फ्लॅटसीलमध्ये जाऊन त्या एका फोल्डराचं नाव लिहावं लागलं. हे मला जमलं, माझ्या सहायकेला जमणार नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची फ्लॅटपॅकसारखी पद्धत, स्नॅप, मी चारच दिवस वापरली. त्यात पेनड्राइव्ह मुळात दिसतच नाही, वेगळी जोडणी करून द्यावी लागते, आणि होममधल्या लपलेल्या फायलींना हात लावू देत नाहीत. हे दोन्ही निर्णय मला पटले.

आता क्यूब्ज. वॉर्सातल्या योआना रुत्कोव्स्का यांनी उभी केलेली ही व्यवस्था, पहिली पक्की आवृत्ती २०१२ ची. तिचा विचारच उलटा आहे: भिंत प्रोग्रामांमध्ये घालत बसायचं नाही, प्रत्येक कामाला वेगळं आभासी यंत्रच द्यायचं. बँकेचं एक, ईमेलचं एक, ग्राहकांच्या फायलींचं एक. प्रत्येकाच्या खिडक्यांना वेगळ्या रंगाची किनार. माझ्याकडं बँक हिरवी, ग्राहक लाल. सगळ्यांना सांभाळणारा जो मधला भाग आहे त्याला इंटरनेटच नाही.

पेनड्राइव्हची जी वाट मला विंडोजवर छळत होती ती इथं मुळापासून सोडवलेली आहे. विंडोजवर सँडबॉक्सच्या आत फाइल न्यायची तरी पेनड्राइव्ह आधी माझ्या मूळ विंडोजलाच वाचावा लागतो. आणि पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू आतून कीबोर्ड असल्याचं सोंग घेऊ शकते, हे २०१४ मध्ये ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं होतं. क्यूब्जमध्ये यूएसबीची सगळी भोकं एका वेगळ्या आभासी यंत्राला बांधलेली असतात. पेनड्राइव्ह तिथं उघडतो, तिथून मी एक फाइल एकदाच वापरायच्या यंत्रात पाठवते, ती बघते, खिडकी बंद, यंत्र नाहीसं. उंदीर सोडला तर त्याला त्या यंत्रातली रिकामी फोल्डरं सापडली. क्लिपबोर्डही नाही, कारण एका यंत्रातून दुसऱ्यात मजकूर न्यायला कंट्रोल-शिफ्ट-सी आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही मुद्दाम दाबावं लागतं. माझ्या वहीत चारही रकाने कोरे राहिले ते फक्त इथं.

त्यात एक आणखी सोय आहे, पीडीएफ निर्धोक करून देणारी. टाकाऊ यंत्रात प्रत्येक पानाचं निव्वळ चित्र करायचं आणि त्या चित्रांची नवी पीडीएफ बांधायची. जाहिरातदारांनी पाठवलेल्या पीडीएफांना मी हेच करते. मजकूर हवा असेल तिथं उपयोग नाही, कारण अक्षरांची चित्रं झालेली असतात. हीच कल्पना मॅक, विंडोज आणि लिनक्सवर डेंजरझोन नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये मिळते, तिथं चित्रातली अक्षरं परत ओळखून घेण्याचीही सोय आहे. एवढ्यापुरतं क्यूब्ज घालायची गरज नाही.

क्यूब्जचा त्रास खरा आहे. माझ्या थिंकपॅडला १६ जीबी मेमरी आहे आणि चार-पाच यंत्रं उघडली की ती धापा टाकते. एकेक यंत्र उभं राहायला वीस-पंचवीस सेकंद. व्हिडिओ अडखळतो. मराठी टायपिंगचं आयबस हे सॉफ्टवेअर आणि फॉन्ट, बाकीची यंत्रं ज्यावरून बनतात त्या मूळ साच्यात बसवावे लागले, त्यात एक रविवार गेला. अंकाची मांडणी मी त्यावर करणार नाही. पण दुकानाचं दार म्हणून ते ठेवलंय, आणि त्या जागी मला त्याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, जिच्याकडं लक्ष जात नाही. आपल्यापैकी किती जण कुठून तरी मिळालेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरतात! ते काम करतं ते तुमची प्रत्येक कळ आधी स्वतः ऐकून. मग तुम्ही पासवर्ड टाइप करता तेव्हाही ते ऐकतंच. कितीही भिंती घाला, याला आपण माजघरात स्वतः नेऊन बसवलेलं असतं. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड कित्येक वर्षं आहे, आणि २०१९ च्या मे आवृत्तीपासून उच्चारानुसार लिहिण्याचा कीबोर्डही आतच मिळतो. मी माझ्या दोन्ही यंत्रांवरून बाहेरची टायपिंग सॉफ्टवेअरं काढून टाकली. एका जुन्या मराठी टंकन-सॉफ्टवेअरला तर चालण्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागायचे. बोटांना आठवडाभर त्रास झाला, मग बसलं.

सध्या दुकानात असं चालतं: काउंटरवर थिंकपॅड, त्यावर क्यूब्ज. पेनड्राइव्ह फक्त तिथंच लागतो. आतून बाहेर येते ती फाइल विंडोजच्या 'येणार' फोल्डरात, तिथून सँडबॉक्समध्ये, रूपांतर होऊन 'सुटलं' मध्ये, आणि मग मॅकवर मांडणीला. ग्राहकाला चार-पाच मिनिटं थांबावं लागतं. कुणी कुरकुर केली तर मी त्यांना आत्मचरित्राच्या त्या दोन प्रकरणांची गोष्ट सांगते. बॅकअपची डिस्क संध्याकाळी लावते, अर्ध्या तासानं काढून कपाटात ठेवते.

ज्यांच्याकडं विंडोज होम आहे आणि प्रो घेणं परवडत नाही, त्यांच्यासाठी सँडबॉक्सी प्लस हा प्रोग्राम आहे. सँडबॉक्सी २००४ पासून आहे, २०२० मध्ये तिचा कोड खुला झाला. ती वेगळं यंत्र उभं करत नाही. आतला प्रोग्राम फाइल बदलायला गेला की तिची वेगळी प्रत करून बदल त्या प्रतीत वळवते, मूळ फाइल तशीच राहते. माझ्या शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांच्या यंत्रावर मीच बसवून दिली आणि उंदीर सोडून दाखवला. लिहिणं अडलं. वाचणं मात्र अडलं नाही, कारण साध्या पेटीत तुमच्या फायली आतून दिसतात, आणि त्या दिसू न देणारी पेटी पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. दादांना मी सांगितलं, "आधारच्या झेरॉक्ससाठी लोकांनी दिलेल्या फायली रोज रात्री पुसत जा, मग वाचायला काही उरणारच नाही." ते आता दुकान बंद करायच्या आधी ते फोल्डर रिकामं करतात.